अडीच महिन्यांचा अर्थ

बडोद्याच्या या शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत मराठीच्या प्राध्यापकाने मेंदूच्या अर्बुदावर बोलावे, याचे माजी विद्यार्थ्यांस नवल वाटेल. २०१० साली माझे एक स्नेही, गणिताचे अध्यापक, ग्लायोब्लास्टोमाने आजारी पडले. एका शोधनिबंधावर बोट ठेवून ते म्हणाले, "तुम्ही भाषेचे ना? मग या अडीच महिन्यांचा अर्थ सांगा." ते ऋण आज फेडतो.

प्रौढांच्या मेंदूत उद्भवणाऱ्या घातक अर्बुदांत हे सर्वाधिक आढळते. शल्यवैद्य गाठ काढतात. परंतु तिच्या पेशी भोवतीच्या निरोगी मेंदूत आधीच शिरलेल्या असतात. शिवाय रक्त आणि मेंदू यांमधील नैसर्गिक अडसर बहुतेक औषधांना ओलांडता येत नाही. टेमोझोलोमाइड तो ओलांडते. रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांनी ८५ केंद्रांतील ५७३ रुग्णांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत विभागणी केली. एका गटाला केवळ किरणोपचार, दुसऱ्याला त्यांच्या जोडीला हे औषध. निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या गटाचा जीवितकाळ १२.१ महिने, दुसऱ्याचा १४.६.

हा आकडा सरासरीचा नव्हे, मध्यकाचा आहे. आपली वृत्तपत्रे दोहोंना सर्रास 'सरासरी' म्हणतात आणि अनर्थ करतात. १४.६ महिन्यांनंतरही निम्मे रुग्ण हयात होते, एवढेच ते सांगते. प्रत्येकाच्या पदरात अडीच महिने पडले, असे नव्हे. दोन वर्षांनी पहिल्या गटात १०.४ टक्के, तर दुसऱ्यात २६.५ टक्के रुग्ण जिवंत होते. म्हणजे काहींना काहीच मिळाले नाही, काहींना वर्षे मिळाली.

कोणाला? मोनिका हेगी यांनी त्याच वर्षी दाखविले, की औषधाने केलेली मोडतोड दुरुस्त करणारे 'एमजीएमटी' जनुक ज्यांच्या गाठीत निद्रिस्त असते, त्यांना लाभ अधिक होतो. गणितज्ञ मित्राला हे फार आवडले. त्यांच्या गाठीत मात्र ते जागे होते.

त्या दिवसांत बेव्हासिझुमॅब या महागड्या औषधाची चर्चा होती. त्यासाठी जमीन विकावी, असा मुलांचा आग्रह. "चाचणी पुरी होऊ दे," म्हणून त्यांनी नकार दिला. मला तो हट्ट वाटला होता. त्यांच्या निधनानंतर, २०१४ साली, नव्याने निदान झालेल्या रुग्णांवरील दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले : गाठ काही काळ थोपते, आयुष्य वाढत नाही.