उधळ्या मुलाची गोष्ट पेठेत सांगायची तर

नारायण पेठेत चार लोकांसमोर उभे राहून काही सांगायचे, तर विषयापेक्षा श्रोत्यांचीच धास्ती जास्त. इथल्या आजी-आजोबांनी उभ्या आयुष्यात शेकडो कीर्तने ऐकलेली असतात. बुवांनी एखाद्या अभंगाचे चरण मागेपुढे केले तर जागेवर कुणी बोलत नाही. चिरफाड होते ती घरी जाताना. अशा पेठेत नाताळच्या सुमारास सोसायटीच्या गच्चीवर कुणी ख्रिस्ती शेजाऱ्याला म्हणाले, ‘तुमच्या येशूचं काहीतरी सांगा की,’ तर त्याने तयारी कशी करावी? ख्रिस्ती मंडळी ज्याला शुभवर्तमान म्हणतात ते आधी स्वतःला समजायला हवे आणि मगच दुसऱ्याला सांगायला हवे. हे काम कसे चालते ते एकच उतारा हाती धरून पाहू.

पहिला मोह टाळायचा तो सगळेच सांगण्याचा. सृष्टीची उत्पत्ती, पाप, क्रूस, पुनरुत्थान हे सारे पंधरा मिनिटांत कोंबले की ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. गोष्ट एकच घ्यावी. आपण लूकच्या शुभवर्तमानातला १५वा अध्याय घेऊ, त्यातली उधळ्या मुलाची गोष्ट. धाकटा मुलगा बापाकडे वाटणी मागतो, दूरदेशी जाऊन पैसा उडवतो, डुकरे राखायची वेळ येते, घरी परततो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो आणि मेजवानी देतो. मोठा भाऊ रुसून बाहेरच उभा राहतो. एकूण २२ वचने.

ही २२ वचने वाचण्याआधी लूकचे अख्खे पुस्तक वाचावे. २४ अध्याय आहेत. एका दुपारचे काम. अख्खे पुस्तक सलग वाचणे ही शिस्त मराठी ख्रिस्ती इतिहासात चांगली मुरलेली आहे. पंडिता रमाबाईंना पहिल्यांदा भेटले ते लूकचेच पुस्तक, तेही बंगालीत, आसामातल्या सिल्चरला, घरातल्या पुस्तकांमध्ये. पुढे १८८२ साली त्या पुण्यात आल्या, १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आपल्या आत्मकथनात त्या स्पष्ट सांगतात की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षे गेली. एवढ्या बुद्धीच्या बाईला वर्षे लागली, हे ऐन कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तयारीला बसणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. ते वाचत गेले आणि मत्तयच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतल्या डोंगरावरील प्रवचनापाशी थांबले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. काशीत वाढलेले नीळकंठशास्त्री गोरे तर खंडन करायला म्हणून बायबल वाचू लागले होते. १८४८ साली ते नेहेम्या गोरे झाले आणि पुढे पुण्यातही राहिले. रमाबाईंच्या शंकांना त्यांनी लेखी उत्तरे दिली. तिघेही आधी वाचक होते, आणि सहज पटवून घेणारे तर मुळीच नव्हते.

आता उताऱ्याकडे. गोष्ट ११व्या वचनापासून सुरू होते, पण तयारी पहिल्या दोन वचनांपासून करायची. जकातदार आणि समाजाने पापी ठरवलेले लोक येशूजवळ येतात, आणि परूशी व शास्त्री ही धर्मनिष्ठ मंडळी कुरकुरतात. तक्रार काय, तर हा अशा लोकांना जवळ करतो आणि त्यांच्या पंक्तीला बसतो. त्या तक्रारीला उत्तर म्हणून येशू तीन गोष्टी सांगतो: हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि हरवलेला मुलगा. ही सुरुवात गाळली तर गोष्ट उरते ती वाया गेलेल्या पोराला द्यायच्या ताकिदीपुरती. ठेवली तर कळते की बाहेर रुसून बसलेला थोरला म्हणजे समोर बसलेले परूशीच.

कुणी कुणाबरोबर खावे-प्यावे यावरून काय रणे माजतात, ते पुण्याला शिकवायला नको. पेठांच्या पूर्व भागात पंचहौद मिशन आहे. तिथे १८९० साली एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि नामवंतांवर प्रायश्चित्ताची वेळ आली. सांगणाऱ्याने ही आठवण जरूर काढावी, मात्र टोमणा म्हणून नव्हे. पहिल्या शतकातल्या यरुशलेमच्या वाटेवरची कुरकुर पेठेतल्या माणसाला एका चहाच्या पेल्यात कळू शकते, एवढ्यासाठीच.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून काय आहे ते ओळखायला. इथे वाटणीचा मुद्दा बघण्यासारखा आहे. बायबलवरचे बहुतेक भाष्यकार सांगतात की बाप जिवंत असताना हिस्सा मागणे म्हणजे ‘तू मेलास तर बरं’ असे तोंडावर म्हणण्यासारखे होते. यहुदी नियमशास्त्राप्रमाणे (अनुवाद २१) थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोन भावांत धाकट्याचा एक तृतीयांश. पण तो बापाच्या पश्चात. नारायण पेठेतला श्रोता या ठिकाणी दचकत नाही. हिंदू कायद्याच्या मिताक्षरा परंपरेत वडिलोपार्जित मिळकतीवर मुलाचा हक्क जन्मापासूनच असतो, २००५च्या दुरुस्तीनंतर मुलीचाही. वाड्याच्या जागी इमारत उभी राहताना कुणाला किती चौरस फूट, यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले इथे सर्वांना माहीत असतात. त्यामुळे धाकट्याची मागणी पेठेला फार तर घाईची वाटेल, अपमानाची नाही. सांगणाऱ्याने हे ओळखले नाही तर गोष्टीचा पहिला धक्काच वाया जातो. म्हणून तिथे दोन वाक्ये खर्चावीत: ही मिळकत बापाची होती, पोराचा हक्क अजून उभाच राहिला नव्हता, तरी बापाने वाटणी करून दिली.

डुकरांचे थोडक्यात. यहुद्यांना डुक्कर निषिद्ध (लेवीय ११), आणि पोरगा त्यांच्याच शेंगांकडे आशेने पाहतो. श्रोत्यांना हे समजावावे लागत नाही. बापाच्या धावण्यावर मात्र थांबावे. भर वस्तीत झगा सावरत धावणे घरच्या कर्त्या पुरुषाला शोभत नसे. पोराने वाटेत एक वाक्य घोकून ठेवलेले असते: मी पाप केले, तुझा मुलगा म्हणवायला मी लायक नाही, मला एखाद्या मजुरासारखे ठेव. बापासमोर तो अर्धेच बोलतो. बहुतेक आवृत्त्यांत मजुरीची विनंती त्याच्या तोंडून निघतच नाही, कारण तोवर बाप चाकरांना झगा, अंगठी आणि पायतण आणायला सांगू लागलेला असतो. एवढा बारकावा नीट पोचला की कीर्तनाला सरावलेला श्रोता मान हलवतो.

मग येते पुष्ट वासरू. मेजवानीसाठी ते कापले जाते, आणि पुण्यातल्या गच्चीवर हे वाक्य अवघड आहे. काही जण ते गाळून नुसते ‘पंचपक्वान्न’ म्हणतात. मला ते पटत नाही. मजकुरात जे आहे ते एकदा साधेपणाने सांगावे, त्या लोकांचा आहार तसा होता म्हणावे आणि पुढे जावे. श्रोता पुढे कधी स्वतः ते पुस्तक उघडेल, तेव्हा आपल्यापासून काही लपवले असे त्याला वाटता कामा नये.

भाषेची तयारी निराळी. मराठी बायबलच्या दोन-तीन आवृत्त्या शेजारी ठेवून उतारा मोठ्याने वाचावा: बायबल सोसायटीची जुनी प्रत, रमाबाईंचे भाषांतर आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’. रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू-ग्रीकवरून भाषांतर केले ते साध्या बायकांना कळावे म्हणून. १९२२ साली निधनाच्या तोंडावर त्यांनी ते काम हातावेगळे केले. जिथे जीभ अडखळते तिथे श्रोत्याचे लक्षही अडखळणार, असे समजून आपले वाक्य आपण बांधावे.

गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी हे सारे चारशे वर्षांपूर्वी ओळखले होते. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला, भाषा शिकला, आणि १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून आले. नव्या ख्रिस्ती लोकांना त्यांची पुराणे सोडायला लावलीत, मग त्या जागी ऐकायला काय देता, अशा मागणीतून ग्रंथ सुरू होतो. मागणी रास्तच होती. पुण्यात १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली त्याची देवनागरी आवृत्ती निघाली. सांगू पाहणाऱ्याने त्यातली निदान पन्नास ओव्या तरी वाचाव्यात, आणि त्याही मोठ्याने.

सांगण्याचा घाट तर पेठेच्या शेजारीच तयार आहे. सदाशिव पेठेत नारद मंदिर आहे, तिथे कीर्तन शिकवले जाते. नमन, मूळ पद, त्यावरचे निरूपण हा पूर्वरंग. मध्ये नामाचा गजर. मग आख्यान म्हणजे उत्तररंग. अहमदनगरकडच्या ख्रिस्ती मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच हा घाट उचलला, आणि नारायण वामन टिळकांनी त्याला आपली पदे दिली. आपल्या उताऱ्यासाठी तो असा बसतो: मूळ पद टिळकांचे, निरूपण पंक्तीच्या कुरकुरीवर, आख्यान उधळ्या मुलाचे. पेटी-तबला नसला तरी चालेल, पण क्रम सोडू नये. पूर्वरंगात प्रश्न रोवला असेल तरच आख्यानात त्याला उत्तर मिळते.

काय करू नये, याचेही धडे इथल्याच इतिहासात आहेत. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे वाद झडले. गर्दी जमली, पुढे पुस्तकही निघाले. वाचायला ते आजही झकास आहे, पण दोन्ही बाजू एकमेकांच्या ग्रंथांतली उणीदुणी काढतात आणि कुणी कुणाचे ऐकून घेत नाही. दुसरा धडा रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदासदनाचा. ते १८९० साली मुंबईहून पुण्यात आले. तिथल्या विधवा मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत, अशी टीका ‘केसरी’ने केली, आणि १८९३ साली रानडे-भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचे म्हणणे होते की आपण प्रार्थना करताना दार उघडे ठेवतो, कुणाला बोलावत नाही. माझा कल रमाबाईंकडे आहे. तरीही आश्रयाला आलेल्या मुलीला उघडे दार कसे दिसत असेल, ही विचारणा अगदीच गैरलागू नव्हती. जो आपल्या अन्नावर, नोकरीवर किंवा औषधावर अवलंबून आहे, त्याला सांगताना म्हणूनच दुप्पट जपावे.

कायद्याची चौकट थोडक्यात अशी. घटनेच्या २५व्या कलमाने धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. गच्चीवर तर पाहुणा म्हणून बोलावणे आलेले असते, तेव्हा पाहुण्याची मर्यादा त्याहून लवकर लागते. नारायण वामन टिळकांना स्वतःच्या घरात तरी कुठे घाई करता आली? पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा त्यांच्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली झाला, आणि मधली ओढाताण ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी कुणाचीही भीड न ठेवता लिहून ठेवली आहे.

शेवटची तयारी प्रश्नांची. एखादे जाणते गृहस्थ म्हणतील, ‘अशीच गोष्ट बौद्धांच्या सद्धर्मपुंडरीकात आहे.’ आहेच, नाकारू नये. तिथेही मुलगा हरवतो, बाप श्रीमंत असतो. पण तिथला बाप बुजलेल्या पोराला आधी मजुरीला लावतो, वर्षानुवर्षे हळूहळू जवळ आणतो आणि मग ओळख देतो. लूकमध्ये मजुरीची विनंती ओठांवर येण्याआधीच मुलगा पुन्हा मुलगा झालेला असतो. कोणती गोष्ट सरस, हे ठरवत बसू नये. फरक दाखवावा, म्हणजे दोन्ही उजळ होतात.

आणि पुण्यात एक प्रश्न हमखास येतो: ‘बापाने माफ केलं, ठीक. मग कर्माचं फळ कुठे गेलं?’ याला ‘देव दयाळू आहे’ हे उत्तर पुरत नाही. पुन्हा मजकुराकडे जावे. धाकट्याने उडवलेला वाटा त्याला परत मिळत नाही. बाप थोरल्याला सांगतो की माझे जे आहे ते सगळे तुझेच आहे, आणि हिशेबाने ते खरेच आहे. धाकट्याची वाटणी होऊन गेलेली आहे. म्हणजे झगा, अंगठी, वासरू यांचा खर्च उरलेल्या मिळकतीतून, थोरल्याच्या वाट्यातून झाला. थोरल्याच्या रागाला तेवढे कारण आहे. क्षमा फुकटात झालेली नाही, फक्त तिचे पैसे चूक करणाऱ्याने दिलेले नाहीत. ख्रिस्ती श्रद्धा इथून क्रूसाकडे जाते: तो खर्च देवाने स्वतःवर घेतला असे ती मानते. श्रोत्याने आणखी विचारले तर लूकचा २३वा अध्याय उघडावा. नाही विचारले तर पेढे आलेले असतात, ते घ्यावेत.