तारीख उलटली, कळा आणायच्या का?

■ आधी मोजणी तपासा: शेवटच्या पाळीपासून ४० आठवडे, हा अंदाज. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने काढलेली तारीख अधिक भरवशाची. ४२ आठवडे भरले की मुदत टळली असे मानतात.

■ वाट पाहण्याचा धोका: एकूण कमी, पण ४१ आठवड्यांनंतर वाढत जातो. स्वीडनमधील २,७६० स्त्रियांवरील चाचणी मध्येच थांबवावी लागली. ४२ आठवड्यांपर्यंत थांबलेल्या गटात सहा बाळे दगावली. ४१ आठवड्यांना कळा आणलेल्या गटात एकही नाही. सिझेरियनच्या प्रमाणात मोठा फरक नव्हता. जागतिक आरोग्य संघटनाही ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणण्याची शिफारस करते.

■ पद्धत: गर्भपिशवीचे तोंड घट्ट असेल तर जेल, गोळ्या किंवा फुगा, मऊ झाल्यावर पाणमोट फोडणे आणि ऑक्सिटोसिनचे सलाईन. पहिलटकरणीला एक-दोन दिवसही लागू शकतात.

■ डॉक्टरांना विचारा: तोंड किती उघडले आहे? गर्भजल पुरेसे आहे का? आधीचे सिझेरियन असेल तर कोणती पद्धत सुरक्षित? थांबायचे ठरवले तर बाळाच्या ठोक्यांची तपासणी किती दिवसांनी?

निर्णय आईचाच, पण बाळाची हालचाल मंदावली किंवा अंगावरून पाणी वा रक्त गेले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.