कापडावरचा छापा आणि कापडातला रंग

गणेशोत्सव जवळ आला की मंडळांच्या टीशर्टांसाठी छपाईवाल्यांकडे वर्दळ सुरू होते, आणि बोधचिन्हाचा आकार नि अक्षरांचे वळण यांवर तासन्‌तास खल करणारे कार्यकर्ते कापड कोणत्या तंतूचे, हा खरा पहिला प्रश्न बहुधा शेवटी विचारतात. वास्तविक हीट प्रेसच्या तापल्या पाट्याखाली चित्र वस्त्रावर उतरविण्याच्या ज्या रीती आज रूढ आहेत, त्यांतली कोणती पत्करावी याचा निवाडा तंतूकडेच असतो.

त्यांत सब्लिमेशनची रीत मला सर्वांत विलक्षण वाटते. फ्रान्समधील नोएल द प्लास यांनी 1957 साली हेरलेल्या गुणधर्मावर ती उभी आहे: काही रंगद्रव्ये तापविली असता द्रवरूप न होता थेट वायुरूप होतात. सुमारे 200 अंश सेल्सिअसला, मिनिटभराच्या दाबाखाली, पॉलिएस्टरचे शिथिल झालेले तंतू हा वायू आत घेतात आणि निवताच तो तिथेच कोंडला जातो. त्यामुळे बोटांना छापा जाणवत नाही, तो तडकत नाही आणि त्याचे पापुद्रेही सुटत नाहीत. परंतु सुती कापडाशी या रंगांचे सख्य नाही, आणि पांढरी शाई या पद्धतीत नसल्याने काळ्या वस्त्रावर त्यांची मातब्बरी शून्य.

उलट व्हायनल म्हणजे वस्त्रावर बसविलेला निव्वळ थर. प्लॉटरने पटल उलट्या आकृतीत कापावे, नको तो भाग सोलावा आणि उरलेला दाबावा. खेळाडूंची नावे व क्रमांक यांना ते उत्तम, बहुरंगी चित्राला मात्र त्रासाचे. ती उणीव डीटीएफने भरून काढली. येथे पारदर्शक फिल्मवर रंग, त्यांवर पांढरी शाई, तिच्यावर वितळणाऱ्या डिंकाची भुकटी असा क्रम असतो, आणि सुती असो वा काळे, कोणत्याही कापडावर सुमारे 150 अंशांत काम बिनतक्रार होते. मोठ्या चित्राखाली छातीवर घाम साचतो, ही हरकत मात्र मान्य केली पाहिजे.

खरी पंचाईत लाल पॉलिएस्टर जर्सीवर पांढरा क्रमांक चिकटविताना होते. जर्सी ज्या रंगाने रंगविलेली असते तोही त्याच वायुरूप होणाऱ्या जातीचा, म्हणून उष्णता मिळताच तो वर चढून पांढऱ्या थरात शिरतो, आणि कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनी क्रमांक गुलाबी दिसू लागतो. जाणते कारागीर अशा वेळी रंग अडविणारा थर असलेले पटल वापरतात आणि प्रेसचे तापमान उतरवितात.