डिटेक्टर ० दाखवतोय, म्हणजे गॅस नाही का?

मार्च २०२३ मध्ये बारामती तालुक्यातल्या खांडज गावात शेणामुताच्या टाकीत गुदमरून चार जणांचा जीव गेला. एकाला वाचवायला बाकीचे आत उतरले होते. आज अशा जागी वापरायच्या डिटेक्टरबद्दल, आणि खास करून त्याच्या बदलायच्या सेन्सरबद्दल बोलू.

शेण कुजतं तिथे आणि डिस्टिलरीच्या सांडपाण्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण साधारण १०० पीपीएमला नाकच बधिर होतं. म्हणजे वास थांबला की धोका संपला असं नाही, उलट वाढलेला असू शकतो.

सेन्सर काम कसं करतो?

वायू पडद्यातून आत शिरतो. एका इलेक्ट्रोडवर त्याचं ऑक्सिडेशन होतं, एका रेणूमागे ८ इलेक्ट्रॉन सुटतात. दुसऱ्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिजन ते घेतो. हा करंट मायक्रोअँपिअरमध्ये असतो आणि वायूच्या प्रमाणात वाढतो.

मग तो बदलावा का लागतो?

आतला इलेक्ट्रोलाइट म्हणजे बहुतेक वेळा पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक आम्ल. बारामती-इंदापूरसारख्या पर्जन्यछायेतल्या भागात उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत त्यातलं पाणी हळूहळू उडतं. शिवाय कॅटॅलिस्टही थकतो. साधारण दोन वर्षांत सेन्सर बदलायची वेळ येते. कपाटात ठेवलेल्या नव्या सेन्सरलाही मुदत असते, ती पाहूनच घ्या.

खरी गोम इथे आहे: स्वच्छ हवेत चांगला सेन्सर ० दाखवतो आणि मेलेला सेन्सरही ०च दाखवतो. आकडा तोच, अर्थ उलटे.

म्हणून नवा सेन्सर बसवल्यावर तो स्थिर होऊ द्या. मग मोकळ्या, स्वच्छ हवेत शून्य लावा. हे टाकीच्या तोंडाशी केलंत, तर तिथला गॅसच 'शून्य' ठरेल आणि पुढची सगळी रीडिंग कमी येतील. नंतर सिलिंडरमधला, ठरावीक पीपीएमचा गॅस देऊन कॅलिब्रेशन करा. पुढे रोज वापरण्याआधी थोडा गॅस देऊन अलार्म वाजतो का ते बघा. यालाच बम्प टेस्ट म्हणतात.

संशोधनात याला पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणतात. तुमच्या प्रयोगात 'काहीच सापडलं नाही' असं आलं, तर आधी विचारा: असतं, तर माझ्या उपकरणाला दिसलं असतं का? याचं उत्तर हातात नसेल, तर तो शून्य वहीत निष्कर्ष म्हणून लिहू नका. आणि टाकीत तर त्याच्या भरवशावर मुळीच उतरू नका.