डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग

चरणजित सिंग हे नाव हिंदी चित्रपटसंगीताच्या चाहत्यांनाही फारसे ठाऊक नसते. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदांत ते गिटार आणि कीबोर्ड वाजवत. स्वतःच्या नावावर त्यांनी ध्वनिमुद्रिका काढल्या, त्याही बहुधा लोकप्रिय गाण्यांच्या वाद्यधुनींच्या. १९८२ मध्ये मात्र त्यांनी वेगळीच वाट धरली. भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग त्यांनी सिंथेसायझरवर वाजवले. साथीला तबला नाही, यंत्राचा डिस्को ठेका!

त्या वेळी चित्रपटांत डिस्कोची लाट होती. ठेका तोच ठेवावा, तबला बाजूला सारावा आणि वर राग वाजवावा, अशी त्यांची कल्पना. सिंगापूरहून त्यांनी जपानच्या रोलंड कंपनीची तीन यंत्रे आणली होती. एक ठेका धरी, दुसरे खर्जातली स्वरमाला फिरवत राही आणि तिसऱ्यावर ते राग वाजवीत.

पण पट्ट्यांच्या वाद्यावर राग वाजतो का? हा प्रश्न सातारा-सांगलीला जुनाच आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे बंधू कृष्णाजी बल्लाळ देवल सांगलीचे. १९१० मध्ये त्यांनी बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य मिळाले होते. अर्नेस्ट क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशांच्या सोबतीने त्यांनी साताऱ्यात संगीतविषयक मंडळ काढले आणि श्रुती वाजवणारी खास पेटीही तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झडला. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदीच घातली. ती १९७१ मध्ये सैल झाली.

पेटीवर आक्षेप दोन. एक, तिचे स्वर ठोकळ असतात, रागातले सूक्ष्म स्वर त्यांत बसत नाहीत. दुसरा, तिच्यात मींड नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे म्हणजे मींड. गळ्याला आणि सतारीला ते जमते. पेटीची एक पट्टी सोडून दुसरी दाबली की मधली वाट हरवते. देवल-क्लेमेंट्स यांनी पहिला आक्षेप दूर करण्यासाठी खटपट केली. सिंग यांच्या यंत्रांनी दुसऱ्याला उत्तर दिले. सिंथेसायझरमध्ये एक स्वर दुसऱ्यात वितळवण्याची सोय असते. खर्जाच्या यंत्रातही ती होती. म्हणून या ध्वनिमुद्रिकेत कीबोर्ड असूनही सूर वळतो. शिवाय रागसंगीतात स्वरसंघ बदलत नाहीत, आधाराचा षड्ज कायम असतो. अखंड फिरणारी स्वरमाला तंबोऱ्याची जागा काही प्रमाणात घेऊ शकते, ती यामुळेच.

अर्थात सूक्ष्म स्वरांचा प्रश्न सुटला नाही. तोडीचा अतिकोमल गंधार या यंत्रातून ऐकू येईल, अशी अपेक्षा ठेवू नये. रागाचा सावकाश विस्तारही इथे नाही. ठेका पहिल्यापासून पळतो. हे रागाचे गायन नव्हे, रागाच्या चलनावर उभे राहिलेले नृत्यसंगीत आहे.

ध्वनिमुद्रिका खपली नाही. रागाच्या श्रोत्याला ती यंत्राची वाटली असेल, नाचणाऱ्याला रागाची. खर्जाचे ते यंत्रही बाजारात पडले; १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मग शिकागोच्या तरुणांनी ते वापरून ‘ॲसिड हाऊस’ नावाची नृत्यशैली घडवली. तिची पहिली गाजलेली ध्वनिमुद्रिका १९८७ ची, म्हणजे सिंग यांच्यानंतर पाच वर्षांनी.

२००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत जुनी प्रत सापडली आणि २०१० मध्ये ती पुन्हा निघाली. कुणीतरी आजच बनवून १९८२ चा शिक्का मारला असेल, अशी शंकाही काहींनी घेतली. सत्तरी गाठलेल्या सिंग यांना त्यानंतर युरोपातून बोलावणी आली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

शिकागोच्या शैलीचा जन्म यातून झाला असे मात्र म्हणता येत नाही. तिथल्या मुलांना ही ध्वनिमुद्रिका माहीत असल्याचा पुरावा नाही. तिचे मोल वेगळे आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चाली वाजवणाऱ्या वादकाने एकदा स्वतःच्या मनासारखे वाजवले. मिरजेचा तंबोरा ऐकत वाढलेल्या कानांनी यातला मालकंस जरूर ऐकावा. राग कुठे टिकतो आणि कुठे निसटतो, हे त्या कानांना लगेच कळेल.