डिकीत पाणी साचतंय? सिलिकॉन फासायच्या आधी पाणी कुठून शिरतं ते शोधा

पंक्चर झालं म्हणून स्टेपनी उचलावी, तर खालच्या खड्ड्यात पाणी आणि जॅक-पाना गंजून लाल. पावसाळ्यात हा अनुभव अनेक गाडीवाल्यांना येतो. काहींना आधी नुसता कुबट वास येतो, काचांवर आतून वाफ धरते, वळणावर मागून पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो. मग बहुतेक जण एकच उपाय करतात. हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणायची आणि दिसेल त्या फटीत भरायची. आठवडाभर बरं वाटतं, पुढच्या मोठ्या पावसात पाणी पुन्हा हजर!

कारण साधं आहे. पाणी जिथं दिसतं, तिथून ते शिरलेलं नसतं. घराचं पत्र्याचं नाहीतर कौलाचं छप्पर गळतं तेव्हा पाणी एका ठिकाणी शिरतं, वाशावरून ओघळतं आणि भलतीकडेच टपकतं. गाडीतही तसंच. छपराच्या कडेला शिरलेला थेंब आतल्या पत्र्यावरून, वायरच्या अंगानं सरकत खाली येतो. स्टेपनीचा खड्डा डिकीतला सगळ्यात खोल भाग, म्हणून सगळं पाणी तिथं जमतं. तेव्हा आधी वाट शोधायची, मग ती बंद करायची.

दुर्लक्ष केलं तर काय होतं?

गालिचा आणि त्याखालचा नमदा एकदा भिजला की आपोआप लवकर वाळत नाही. ओल धरून राहते, बुरशी येते. बंद काचांच्या गाडीत तीच हवा आपण श्वासात घेतो. दम्याचा त्रास असलेल्या माणसाला किंवा लहान मुलांना ही हवा बाधू शकते.

दुसरा धोका गंजाचा. आपल्याकडे डिकीतून खताच्या गोण्या, मीठ, पेंड, भाजीपाला सगळंच जातं. पोटॅश किंवा मिठाचे दाणे सांडले आणि त्यात ओल मिळाली की पत्रा फार लवकर खातो. वरून रंग चांगला दिसतो आणि खालून तळ पोखरलेला असतो.

तिसरा धोका वायरिंगचा. टेललाइट, नंबरप्लेटची लाइट, रिव्हर्स सेन्सर यांच्या वायरी डिकीच्या कडेनं जातात. कनेक्टरमध्ये पाणी गेलं की ब्रेक लाइट कधी लागते, कधी लागत नाही. रात्री मागून ट्रक येत असताना ही गोष्ट जिवावर बेतू शकते.

चौथी गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. ज्या भोकातून पाणी आत येतं, त्यातूनच सायलेन्सरचा धूरही आत येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणं तसंही धोक्याचं आहे. तळ सडलेल्या गाडीत तो धोका आणखी वाढतो.

पाणी कधी येतं, त्यावरून अंदाज बांधा

पाना हातात घ्यायच्या आधी आठवून बघा:

- गाडी उभी असताना, नुसत्या पावसानं पाणी येतं: वाट वरच्या बाजूला आहे. डिकीचं रबर, टेललाइट, मागची काच, छपराचा सांधा.
- पाऊस थांबलाय, पण ओल्या रस्त्यावरून गेलं की येतं: वाट खालून आहे. तळातलं रबरी बूच निघालेलं असेल किंवा चाकामागच्या पत्र्याचा सांधा उघडला असेल.
- फक्त वॉशिंग सेंटरला धुतल्यावर येतं: जोरदार प्रेशरचं पाणी चांगल्या रबरालाही ओलांडून आत जाऊ शकतं. पावसात येत नसेल तर घाबरू नका, पण रबर एकदा तपासा.
- पाऊस नसताना, मागच्या काचेवर पाणी मारायचं बटण दाबलं की येतं: वॉशरचा पाइप आतून निसटलाय. ज्या गाड्यांचा मागचा दरवाजा काचेसकट वर उघडतो, त्यांत असं होतं.
- गाडी चढावर किंवा उतारावर लावली तरच येतं: पाण्याचा उतार बदलतोय. तशीच गाडी लावून तपासणी करा.

एसी चालू असताना पुढच्या सीटच्या पायाशी पाणी येत असेल तर तो प्रकार वेगळा. तिथं बहुतेक वेळा एसीचा ड्रेन पाइप तुंबलेला असतो. डिकीशी त्याचा संबंध नाही.

नेहमीच्या चोरवाटा

डिकीचं रबर. धुळीच्या रस्त्यावर माती रबराच्या घडीत बसते, उन्हानं रबर कडक होतं, गोण्या घासून फाटतं. एक सोपी चाचणी करा. रबरावर कागदाची पट्टी ठेवून डिकी बंद करा आणि पट्टी ओढा. घट्ट ओढावी लागली तर रबर ठीक. सहज निसटली तर तिथं रबर दबलंय किंवा झाकण नीट बसत नाहीये. सगळीकडून फिरून अशी तपासणी करा.

टेललाइट. प्रत्येक लाइटच्या मागे फोमचं किंवा रबराचं गॅस्केट असतं. जुनं झालं की ते चपटं होतं. बल्ब बदलताना लाइट काढून परत नीट बसवली नसेल तरी गळती सुरू होते. वरच्या तिसऱ्या ब्रेक लाइटचं आणि नंबरप्लेटच्या लाइटचंही तेच.

छपराचा सांधा आणि नंतर पाडलेली भोकं. छपराच्या दोन्ही कडांच्या पन्हाळीत पत्र्याच्या जोडावर सीलंट असतं. त्याला केसासारखी चीर गेली तरी पाणी आत जातं. एरियलच्या बुडाशी, कॅरियरच्या स्क्रूपाशी, प्रचाराचा भोंगा बसवलेल्या जागी, स्पॉइलर किंवा रिव्हर्स कॅमेऱ्याच्या वायरसाठी पाडलेल्या भोकापाशी नीट बघा. कंपनीच्या नव्हे, बाहेरच्या कामातली ही भोकं बऱ्याचदा सील केलेली नसतात.

बंपरमागची हवेची जाळी. बऱ्याच गाड्यांना मागच्या बंपरच्या आड, आतल्या पत्र्याला रबरी पडद्याची जाळी असते. दार आपटल्यावर आतली हवा तिथून बाहेर पडते. तिच्या भोवतीचं गॅस्केट सुटलं किंवा पडद्यात चिखल अडकला की चाकाचं पाणी आत येतं.

सनरूफ. सनरूफच्या कोपऱ्यांतून बारीक पाइप खाली येतात. मागचे पाइप तुंबले की पाणी डिकीच्या बाजूच्या कप्प्यात उतरतं. झाडाखाली गाडी लावत असाल तर पानांचा चुरा तिथं हमखास अडकतो.

जुना अपघात. मागून ठोकलेल्या गाडीचा पत्रा सरळ केला, रंग मारला, पण आतल्या जोडावर सीलंट भरलं नाही, तर गळती कायमची मागे लागते.

घरच्या घरी तपासणी: दोन माणसं, एक पाइप, एक मोबाइल

१. डिकी पूर्ण रिकामी करा. गालिचा, पुठ्ठा, स्टेपनी बाहेर काढा. बाजूची प्लास्टिकची कव्हरं निघत असतील तर तीही काढा.

२. सगळं फडक्यानं कोरडं करा. आत जुने वर्तमानपत्र अंथरा. जोडांवर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरवा. पाण्याचा ओघळ त्यावर लगेच उमटतो.

३. मोबाइल टॉर्च लावून, व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवा आणि डिकी बंद करा. फोन पारदर्शक पिशवीत घाला. माणसानंच आत बसून बघायचं असेल तर इंजिन बंद, किल्ली आत बसणाऱ्याच्या हातात आणि मागची सीट पाडलेली असली पाहिजे. सीट पडत नसेल तर आत बसू नका. लहान मुलांना तर कधीच बसवू नका.

४. बाहेरून साध्या पाइपनं, हलक्या धारेनं पाणी सोडा. प्रेशर पंप वापरू नका. सुरुवात खालून करा. आधी बंपरची बाजू, मग टेललाइट, मग झाकणाची कड, मग मागची काच, शेवटी छप्पर. एकेका जागी ३ ते ५ मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

५. प्रत्येक जागेनंतर डिकी उघडून बघा. पहिला ओला डाग दिसला की तिथून वरच्या दिशेनं माग काढा.

रात्रीच्या अंधारात आणखी एक युक्ती आहे. डिकीत प्रखर टॉर्च ठेवून झाकण लावा आणि बाहेरून फिरून बघा. जिथून उजेड फटीतून बाहेर येतो, तिथून पाणीही आत जाऊ शकतं.

वाट सापडली, आता दुरुस्ती

- रबर फाटलं नसेल तर काढून साबणाच्या पाण्यानं धुवा, खाचेतली माती काढा, वाळवून परत बसवा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. इंजिन ऑइल किंवा डिझेल लावू नका, त्यानं रबर फुगून खराब होतं. फाटलेलं किंवा चपटं झालेलं रबर बदलावंच लागतं.
- झाकण सैल बसत असेल तर लॉकचा हूक आणि कोपऱ्यातली रबरी बटणं थोडी सरकवून बसवता येतात. हे काम डेंटरकडून करून घ्या.
- टेललाइट आतून नट काढून बाहेर घ्या, पत्रा पुसा, नवीन गॅस्केट किंवा ब्यूटाइल टेप लावा. नट बेतानं आवळा. जास्त आवळलं तर प्लास्टिक तडकतं.
- तळातलं रबरी बूच हरवलं असेल तर त्याच मापाचं नवीन बसवा. चिंधी कोंबू नका, ती ओल धरून ठेवते.
- पत्र्याच्या जोडाची चीर खरवडून, पूर्ण वाळवून गाडीसाठीचं पीयू सीलंट भरा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं साधं सिलिकॉन उघड्या पत्र्यावर नको. त्यातल्या आम्लानं गंज धरतो. दगडासारखी कडक होणारी पुट्टीही नको, खड्ड्यांच्या धक्क्यानं ती तडकते.
- सनरूफचा पाइप साफ करायला गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हळूच आत सरकवा. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारली तर पाइप आतल्या आत निसटू शकतो.

या जागा कधीही बंद करू नका

सिलिकॉन घेऊन बसलेल्या माणसाकडून होणारं मोठं नुकसान इथंच होतं.

सीएनजी गाडीत सिलिंडर डिकीत असेल तर व्हॉल्व्हच्या आवरणापासून गाडीबाहेर जाणारे पाइप असतात. गॅस गळला तर तो डिकीत न साठता बाहेर जावा, यासाठी ते दिलेले असतात. पाणी येतंय म्हणून त्यांची तोंडं बुजवली तर गॅस आत कोंडतो. पाइप जिथं तळातून बाहेर जातो, तिथल्या कडेचं रबर बदलायचं, पाइपचं तोंड नाही बुजवायचं. हे काम अधिकृत सीएनजी फिटरकडूनच करा. सिलिंडरवर किंवा त्याच्या पट्ट्यांवर गंज दिसला तर दर ३ वर्षांनी होणाऱ्या हायड्रो टेस्टची वाट बघू नका, आधीच दाखवून घ्या.

बंपरमागची हवेची जाळी, दारांच्या खालची आणि झाकणाच्या खालच्या कडेची बारीक भोकं हीसुद्धा पाणी-हवा बाहेर जाण्यासाठीच आहेत. ती मोकळी ठेवा.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीत मागच्या बाजूला जास्त व्होल्टेजच्या नारिंगी वायरी किंवा बॅटरी असू शकते. तिथं पाणी दिसलं तर हात घालू नका, सरळ सर्व्हिस सेंटर गाठा.

वाळवणं हे निम्मं काम

गळती थांबली तरी ओल राहिली तर गंज चालूच राहतो. गालिचा आणि नमदा गाडीबाहेर काढून कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. स्टेपनीच्या खड्ड्यातलं बूच काढून पाणी सोडा आणि बूच परत बसवा. गंजाचे डाग पॉलिश पेपरनं घासून, रेडऑक्साइड प्रायमर आणि वर रंग मारा. कनेक्टर ओले असतील तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मगच हात लावा. पत्र्याला आरपार भोक पडलं असेल तर वरून टेप लावून भागत नाही. तिथं पत्रा कापून वेल्डिंग करावं लागतं.

वॉरंटी, विमा आणि जुनी गाडी

गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः काही खोलू नका. पाणी दिसताच व्हिडिओ काढा आणि सर्व्हिस सेंटरला जॉबकार्डवर “डिकीत पाणी गळती” असं लिहून घ्या. तोंडी तक्रारीला पुढे किंमत राहत नाही. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. विम्याबाबत गैरसमज नको. पुरात गाडी बुडाली तर फुल इन्शुरन्समध्ये दावा करता येतो, पण रबर झिजून हळूहळू झालेल्या गंजाला विमा मिळत नाही. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात तर आपल्या गाडीचं कुठलंच नुकसान धरलं जात नाही.

जुनी गाडी घेताना इंजिनचा आवाज सगळेच ऐकतात. डिकीतला गालिचा मात्र थोडेच लोक उचलतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर, सांगली, चिपळूण भागात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशी गाडी धुऊन-पुसून पुढे विकली जाऊ शकते. म्हणून स्टेपनीचा खड्डा, सीटखालचे बोल्ट आणि वायरींचे कोपरे बघा. मागच्या सीटबेल्टचा पट्टा पूर्ण बाहेर ओढा. त्यावर चिखलाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात उभी होती असं समजा आणि सौदा करायच्या आधी चांगल्या मेकॅनिकला दाखवा.

दुरुस्तीनंतर पहिल्या मोठ्या पावसात एकदा गालिचा उचलून बघा, आणि पुढे पावसाळ्याच्या चारही महिन्यांत महिन्यातून एकदा. दोन मिनिटांचं काम आहे, पण तळ सडण्याआधी गळती हाताला लागते.