आश्रयाची मागणी अपात्र ठरलेल्या परकीयांचे निष्कासन
स्वदेशातील छळाच्या भीतीने परदेशात आलेल्या व्यक्तीची शरणार्थी म्हणून मान्यता मिळण्याची मागणी नाकारली गेल्यास, अथवा ती विचारार्थ घेताच येत नाही असे ठरल्यास, त्या व्यक्तीला देशाबाहेर पाठविण्याच्या कार्यवाहीस निष्कासन म्हणतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ अन्वये होणारी तडीपारी किंवा गुन्हेगारांचे प्रत्यर्पण यांहून ते भिन्न आहे. मागणी नामंजूर होणे व अपात्र ठरणे यांतही मोठा फरक आहे. नामंजुरीपूर्वी छळाच्या भीतीची चौकशी झालेली असते. अपात्रतेत ती बहुधा होतच नाही. संकट खरे की खोटे हे न पाहताच व्यक्ती परत पाठविली जाण्याचा धोका येथे असतो.

हा धोका ओळखून काही देशांनी वेगळी सोय केली आहे. कॅनडा व अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांच्यातील २००४ पासून अंमलात असलेल्या करारानुसार अमेरिकेतून भूसीमेने आलेल्यांची मागणी कॅनडात सामान्यतः अपात्र ठरते. मात्र इतर काही कारणांनी अपात्र ठरलेल्यांना निष्कासनापूर्वी स्वदेशातील जोखमीचे मूल्यमापन मागता येते, तसेच संघीय न्यायालयाकडे दाद मागता येते.

भारताने शरणार्थीविषयक १९५१ चा जिनीव्हा करार व १९६७ चा पूरक करार यांवर सही केलेली नाही व देशात शरणार्थींसाठी स्वतंत्र कायदाही नाही. मागणी ऐकण्याचे वैधानिक पीठच नसल्याने येथे येणारा प्रत्येक आश्रयार्थी कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ अपात्र म्हणूनच प्रवेश करतो, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. परकीय नागरिक अधिनियम, १९४६ खाली निष्कासनाचा केंद्र शासनाचा अधिकार अनिर्बंध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये हान्स म्युलर खटल्यात म्हटले. १ सप्टेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा आप्रवासन व परकीय नागरिक अधिनियम, २०२५ ने घेतली. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी नव्या कायद्यातही संबंधित व्यक्तीवरच आहे.

प्रत्यक्षात व्यक्तीचा संबंध प्रथम स्थानिक पोलिसांशी येतो. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याचे उदाहरण बोलके आहे. लोणावळा शहर पुणे ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या अधिकारक्षेत्रात येते. त्याच तालुक्यातील तळेगाव दाभाडे मात्र २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे आहे. लोणावळा-खंडाळ्याच्या हॉटेलांना परकीय पाहुण्याची माहिती ठराविक नमुन्यात चोवीस तासांच्या आत कळवावी लागते. त्यामुळे व्हिसाची मुदत संपलेली व्यक्ती पर्यटनस्थळाच्या गर्दीतही फार काळ अलक्षित राहू शकत नाही.

अशी व्यक्ती आपण शरणार्थी आहोत असे सांगू लागल्यास काय करावे, याविषयी केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ च्या डिसेंबरात राज्यांना कार्यपद्धती घालून दिली. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट वा राजकीय मत यांमुळे छळाची भीती सकृद्दर्शनी साधार वाटल्यास दीर्घ मुदतीच्या व्हिसाची शिफारस करावी. हा व्हिसा मिळालेल्यास खाजगी नोकरी वा शिक्षण घेता येते. मागणी अपात्र वाटल्यास स्थानबद्ध करून संबंधित देशाकडून प्रवासाची कागदपत्रे मिळवावीत. सहा महिन्यांत ती न मिळाल्यास स्थानिक जामीन, चांगली वर्तणूक व दरमहा पोलिसांकडे हजेरी या अटींवर मुक्तता करावी, अशी तरतूद तीत होती. ही मुक्तता म्हणजे निवासाचा हक्क नव्हे; निष्कासन होईपर्यंतची ती तात्पुरती व्यवस्था होय.

संयुक्त राष्ट्रांच्या शरणार्थी उच्चायुक्तांचे दिल्ली येथील कार्यालय म्यानमार, अफगाणिस्तान आदी देशांतून आलेल्यांच्या मागण्या तपासते. तेथे नकार मिळाल्यास तीस दिवसांत अपील करता येते व त्याचा विचार दुसरा अधिकारी करतो. या कार्यालयाचे ओळखपत्र शासनावर बंधनकारक नाही, तथापि न्यायालयांनी त्याला महत्त्व दिले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९४ मध्ये एका इराणी व्यक्तीस उच्चायुक्तांनी शरणार्थी मानले असल्याने तिला इराणला पाठविण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही, असे ठरविले.

संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताचे व स्वातंत्र्याचे संरक्षण परकीयांनाही लागू असल्याने अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट अर्ज करणे हाच भारतातील सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकी अर्जदारांच्या प्रकरणात, राष्ट्रीय सुरक्षेस बाधा येत नसेल तर जिवाला धोका असलेल्या देशात परत न पाठविण्याचे तत्त्व या अनुच्छेदात अंतर्भूत असल्याचे मानले. मणिपूर उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्यानमारच्या सात नागरिकांना उच्चायुक्तांकडे जाता यावे म्हणून दिल्लीपर्यंत सुरक्षित प्रवासाची मुभा दिली. उलटपक्षी, त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जम्मूतील रोहिंग्यांचे निष्कासन थांबविण्यास नकार दिला. निष्कासित न होण्याचा हक्क हा नागरिकांच्या निवासस्वातंत्र्याशी निगडित आहे, असे कारण न्यायालयाने दिले. मात्र विहित कार्यपद्धती पाळल्याशिवाय कोणास पाठवू नये, असेही बजावले. या दोन प्रवाहांचा मेळ अद्याप बसलेला नाही, आणि अर्जदाराचे भवितव्य बरेचसे तो कोणत्या न्यायालयापुढे उभा आहे यावर अवलंबून राहते.

काहींना नागरिकत्वाचा मार्ग खुला आहे. पाकिस्तान, बांगला देश व अफगाणिस्तान येथील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्ती ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आल्या असल्यास २०१९ च्या दुरुस्तीने त्यांना बेकायदेशीर स्थलांतरित मानले जात नाही. तत्पूर्वी २०१६ मध्येच या समाजांच्या अर्जांबाबतचे अधिकार पुण्यासह सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना देण्यात आले होते. मावळालगतच्या पिंपरीत फाळणीनंतर वसलेली सिंधी वस्ती लक्षात घेता या तरतुदीचे स्थानिक महत्त्व उघड आहे.

तिसऱ्या देशात पुनर्वसन हा जुना पर्याय होय. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश शरणार्थी राहत होते. त्यांत स्त्रिया व मुले अधिक होती. युद्धानंतर अनेकांची मूळ गावे सोव्हिएट संघात गेली व साम्यवादी पोलंडमध्ये परतण्यास बहुतेक राजी नव्हते. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली तेव्हा पुष्कळजण ब्रिटनला आणि काही अन्य देशांत गेले होते. आज असा स्वीकार करणारा देश मिळाला, तरी वैध व्हिसा नसलेल्या व्यक्तीस भारत सोडण्यासाठी नोंदणी अधिकाऱ्याचा निर्गमन परवाना घ्यावा लागतो.